वहिनींच्या हातची लवंग

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाचा यंदाचा विषय 'घरगुती औषधं' असा आहे. ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, "तुमच्या वहिनी लवंगेच्या वखारीत ना? मग लवंगेवर तुम्हीच लिहा." मला नाही म्हणायलाही जरा वेळ लागतो. तोवर बाई पुढच्या टेबलापाशी गेल्या होत्या. लिहायची मला सवय नाही. जन्मभर तराजू दुरुस्त केले, त्यामुळे हात एका जागी धरता येतो, एवढंच. जमलं नाही तर बाईंनी बाजूला ठेवावं, मला वाईट वाटणार नाही.

लवंगेचे गुण कोणाला ठाऊक नाहीत? दाढ ठणकली की लवंग. खोकल्याची ढास थांबेना तर भाजलेली लवंग गालात धरायची. बस लागते त्याला लवंग, तोंडाला वास येतो त्याला लवंग, जेवण जड झालं तर लवंग. नाक चोंदलं की उकळत्या पाण्यात लवंगा टाकून वाफ घ्यायची. धान्याच्या डब्यात टाकली तर किडे फिरकत नाहीत आणि लोकरीच्या कपड्यांत ठेवली तर कसर लागत नाही. यातलं खोटं काहीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणायचं की म्हातारा लवंगेवर उलटला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्नाच्या आधीपासून त्या मसाल्याच्या वखारीत लवंग निवडायला आहेत. मोठा लांबट हॉल, वर जाळीच्या खिडक्या, खाली पत्र्याच्या परातींची रांग, आणि प्रत्येक परातीमागे नाकाला फडकं बांधलेली एक बाई. पोतं परातीत ओतलं की डोकं शाबूत असलेली लवंग एका बाजूला, डोकं गळालेली दुसऱ्या बाजूला, देठ आणि कचरा खाली. एवढं तर नवी बाईही आठवड्यात शिकते. खरं काम पुढे असतं. कधी कधी पोत्यात मेलेली लवंग मिसळलेली असते. मेलेली म्हणजे जिचं तेल आधीच कोणीतरी काढून घेतलंय ती. दिसायला अगदी जिवंत लवंगेसारखी. तिला ओळखायचं ते नखाने. अंगठ्याचं नख दाबलं की जिवंत लवंग नखाला ओलं करते, मेलेली कोरडीच राहते. शंका आली तर पाण्याच्या वाटीत टाकायची. जिवंत लवंग पाण्यात उभी राहते, मेलेली आडवी पडते. वहिनींना वाटी लागत नसे. त्यांचं उजव्या अंगठ्याचं नख कायमचं तपकिरी झालं होतं. वखारीची मुकादमीण म्हणायची, "हिचं नख मालकाने विमा उतरवून ठेवावं असं आहे."

दादा, म्हणजे माझा भाऊ, त्याच बाजारात लिलाव पुकारायचा. सकाळी मालाच्या थप्पीवर उभा राहायचा आणि पुकारायला लागायचा तो दुपारपर्यंत. त्याचा आवाज एवढा मोठा की बाजारात सगळे त्याला भोंगा म्हणत. घरीसुद्धा तो हळू बोलायचा प्रयत्न करायचा तेव्हा शेजारी खिडकी लावून घ्यायचे. त्याचं पोट त्या आवाजावर होतं आणि त्याचा सगळा डौलही. माझ्या वाट्याचं बोलणंही देवाने त्यालाच दिलं असणार, असं आई म्हणायची.

त्या दोघांची ओळख लवंगेवरूनच झाली. एकदा त्याचा घसा बसला म्हणून तो वखारीच्या दारात आला. ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितलीय की मीच तिथे होतो असं मला वाटतं.

"काय हो भोंगा, आज वाफ संपली वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"घसा गेलाय. एक लवंग द्या."

"कुठली देऊ? मालकाची की माझी?"

"तुमची वेगळी असते का?"

"मालकाची पोत्यात असते. माझी पारखलेली असते."

दादा म्हणायचा, "त्या दिवशी लिलाव झाला आणि माल मी होतो. एक वार झालं, दोन वार झालं, तिसऱ्याची वाटसुद्धा पाहिली नाही. गेलो!"

त्यावर वहिनी म्हणायच्या, "दुसऱ्या कोणी बोली लावलीच नाही. मला पडेल भावात मिळाले."

लग्नानंतर दादाच्या गालात रोज एक लवंग असायची. आमच्या जिन्यात, गल्लीत, दोन्ही बाजूच्या इमारतींत वहिनींना लवंगवाल्या म्हणू लागले. कोणाचा दात दुखला, कोणाच्या पोराला खोकला झाला की दार वाजायचं. कोपऱ्यावरचा शिंपी एकदा गाल धरून आला. दुकानातली लवंग धरूनही ठणका जाईना, म्हणत होता. वहिनींनी त्याच्या हातातली लवंग घेतली, नख दाबलं आणि म्हणाल्या, "ही कधीच गेलीय हो. दुकानदाराला म्हणावं, हिला पोचवून ये आधी." मग आपल्या डबीतली एक दिली. शिंप्याचा ठणका वाटेतच थांबला. पण लवंग देताना त्या प्रत्येकाला एक वाक्य सांगायच्याच, "हिने दुखणं थांबतं, दात बरा होत नाही. उद्या दातवाल्याकडे जा." आणि लोक जायचे. जावंच लागायचं, कारण वहिनी एका वेळी एकच लवंग द्यायच्या. ती संपली की दात पुन्हा बोलायला लागायचा.

वखारीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लवंगेचं तेल फार कडक असतं. ते तोंडात नुसतं लावलं तर कातडी भाजते आणि तिथे पांढरा डाग पडतो. वखारीत नवी बाई आली की जुन्या बायका तिची मस्करी करतात. तेलाची काडी जिभेला लावायला सांगतात. दुसऱ्या दिवशी तिच्या जिभेवर पांढरा चट्टा दिसतो आणि सगळ्या हसतात, "लवंगेने पापा घेतला गं हिचा!" चार-पाच दिवसांत साय निघावी तसा तो चट्टा निघून जातो. तिथल्या प्रत्येक बाईला हा पापा कधी ना कधी मिळालाय. त्यांना त्याची भीती वाटत नाही. पायाला चप्पल चावली तर आपल्याला वाटते का भीती? तसंच ते.

दादाची खालची दाढ तुटली ती काहीतरी कडक चावताना. दाढेची धार जिभेला लागायची. थोडं दुखायचं, जेवताना जास्त. वहिनींनी लवंग बसवली. दोन-चार दिवसांनी लवंग पुरेना, म्हणून कापसाच्या बोळ्यावर तेल लावून दिलं. ठणका गेला.

दादा त्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "अरे, तुझी वहिनी म्हणजे चालतंबोलतं हॉस्पिटल आहे."

मी म्हटलं, "दातवाल्याला दाखवून ये."

"त्याच्या खुर्चीत काय होतं माहितीये? तोंड उघडं ठेवायला सांगतात आणि बोलू देत नाहीत. मला याहून मोठी शिक्षा कोणती?"

गल्लीतल्या परक्याला एक लवंग मिळायची. दादाला सगळी वखार मिळाली. दुखणं पुन्हा डोकं वर काढायचं त्याच्या आतच पुढचा बोळा तयार असायचा. आणि लवंग तरी कशी, वहिनींनी नखाने पारखलेली. दुकानातली मेलेली लवंग असती तर दादा पहिल्याच आठवड्यात ओरडत दातवाल्याकडे गेला असता. हे मी आता लिहितो आहे. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, कोणाच्याच आलं नव्हतं.

मग एक दिवस दादाच्या जिभेच्या कडेला पांढरा डाग दिसला. आरशात त्यानेच पाहिला. वहिनींनी त्याला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून जीभ बाहेर काढायला लावली आणि हसल्या.

"पापा घेतलाय लवंगेने."

"या वयात?" दादा म्हणाला. "तुला चालेल का?"

"मीच पाठवलीय तिला. तेल थांबवलं की निघून जाईल."

पण तेल थांबवलं की दुखायचं. दुखलं की तेल लावावं लागायचं. तेल लावलं की पांढरं राहणारच. असं ते चाक फिरत राहिलं. तेल थांबवून चार-पाच दिवस वाट पाहिली असती तर कळलं असतं की हा डाग तेलाचा नाही. तेवढी सवड त्या दाढेने दिली नाही. वहिनींच्या जागी दुसरी कोणी बाई असती, जिने लवंगेचा पापा कधी पाहिला नाही, तर ती त्या डागाला घाबरली असती. वहिनी ओळखतच होत्या त्याला. त्यांनी असे डाग किती पाहिले होते, आणि ते सगळे बरे झाले होते.

हिवाळा गेला. दादाचा कान दुखू लागला. वहिनींनी लवंग घालून कोमट केलेलं तेल कानाला बाहेरून चोळलं. खाणं कमी झालं. म्हणायचा, दाढेमुळे चावत नाही. मग एका सकाळी लिलावात 'तीन वार' म्हणताना त्याची जीभ वळेना. एरवी ते दोन शब्द तो हातोडा मारावा तसे मारायचा. व्यापारी हसले. "भोंग्याला गंज लागला!" कोणीतरी ओरडलं. दादाही हसला. पण घरी आला आणि जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्याची मुलगी, आमची चिमी, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला आहे. ती फारशी बोलत नाही, माझ्यावर गेलीय. तिने संध्याकाळी वडिलांचं ताट उचललं, पाहिलं आणि तसंच खाली ठेवलं.

"बाबा, उद्या मी रजा टाकते. हॉस्पिटलात जायचं."

"अगं, दाढेसाठी हॉस्पिटल कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"आई, तुझ्या वखारीतल्या बायकांचा पापा कधी पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत राहिलाय का?"

 वहिनींनी डबीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

हॉस्पिटलात आम्ही चौघं गेलो. डॉक्टर तरुण होते, आवाज शांत. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं, हातमोजा घालून जिभेची कड चाचपली, मग मानेवर कानाखाली बोटं फिरवली. तिथे त्यांची बोटं थांबली.

"हा डाग केव्हापासून आहे?"

"तेलाचा आहे तो," वहिनी लगेच म्हणाल्या. "लवंगेच्या. मी लावते. अस्सल असतं, दुकानातलं नाही."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, वहिनी त्याच्याशी भांडू शकल्या असत्या.

तुकडा काढून तपासला. जे निघायचं तेच निघालं. डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बसवून सांगितलं, रोग जिभेत आहे आणि मानेत उतरलाय. वहिनींनी विचारलं, "माझ्या तेलाने झाला का?"

"नाही. लवंगेने हा रोग होत नाही," डॉक्टर म्हणाले. "लवंगेने फक्त दुखणं झाकलं. दुखलं असतं तर तुम्ही लवकर आला असता."

मला वाटतं त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं. पण वहिनींनी त्यातला एकच शब्द उचलला. घरी येताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "झाकलं." मागे बसलेल्या बाईला वाटलं, खिडकी झाकायला सांगतायत. तिने हात लांब करून काच ओढून घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा बाजारात गेला. चालणं जड झालं होतं तरी गेला. थप्पीवर चढायला मी हात दिला. लिलाव दुसरा माणूस पुकारत होता. दादाने त्याला खूण करून थांबवलं आणि एक वार, दोन वार, तीन वार, असं एकदा पुकारलं. समोर विकायला काही नव्हतं. अक्षरं गोळा होऊन बाहेर येत होती, पण आवाज तेवढाच मोठा होता. कोणी हसलं नाही. उतरताना मला म्हणाला, "संपला माल."

जिभेचा बराच भाग काढला. मानेतल्या गाठी काढल्या. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि जेवणासाठी नाकातून दुसरी. पुढे रेडिएशनचे शेक दिले, त्याने तोंडाची आतली सगळी कातडी सोलल्यासारखी झाली. दादा घरी आला तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा शांतता आली. शेजारी येऊन विचारून गेले, "सगळं ठीक ना? आवाज नाही म्हणून विचारलं." ते चांगल्या मनाने विचारत होते. चिमी त्यांना दारातूनच हो म्हणायची.

दादा चमच्याने पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायचा. एकदा वाजवलं म्हणजे पाणी सोडा, दोनदा म्हणजे नळी साफ करा. तीनदा म्हणजे पुरे, आता मला एकटं सोडा. ते त्याचं त्यानेच ठरवलं होतं, आणि सुरुवातीला तीनदा वाजवून तो डोळ्यांनी हसायचाही. नंतर नुसतं वाजवायचा.

वहिनी वखारीत जायच्या. जावंच लागायचं, चिमीच्या एकटीच्या पगारात घर चालणारं नव्हतं. जिनाभर लोक अजून दार वाजवायचे, त्यांना काय माहीत. वहिनी आतूनच म्हणायच्या, "लवंग नाही. दाखवून या." एक म्हातारी म्हणाली, "लवंगवालीच्या घरात लवंग नाही? एवढी कसली चिक्कू झालीस गं?" वहिनींनी ऐकून घेतलं. मग ती म्हातारी खाली उतरून दुकानात गेली, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं.

एका सकाळी वहिनी फडकं बांधून निघणार तेवढ्यात दादाने दांडी वाजवली, पण चमच्याने नाही, अंगठ्याच्या नखाने. वहिनी वळल्या. त्याने अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटावर दाबलं. वहिनी दिवसभर परातीवर करतात तीच खूण. त्याला लवंग हवी होती.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तोंड सोललंय तुमचं. निखारा ठेवल्यासारखं होईल."

त्याने पुन्हा खूण केली.

"मी नाही देणार. काय वाटेल ते करा." त्यांचा आवाज चढला. "एकदा दिली ती पुरे झाली."

दादाने डोकं हलवलं आणि बोट नाकाखाली नेलं. तोंडात नको, नुसता वास दे.

 वहिनींनी शेल्फच्या मागे सरकवलेली डबी काढली, एक लवंग नखाने फोडली आणि त्याच्या नाकाखाली धरली. दादाने डोळे मिटले. छाती वर गेली, खाली आली. त्याने मान डोलावली. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्याच्या खांद्याला कपाळ टेकून राहिल्या. मी आणि चिमी बाहेर आलो.

त्या दिवसापासून तो नेम झाला. वखारीत जायच्या आधी लवंग फोडायची, नाकाखाली धरायची, त्याने मान डोलवायची. त्या घरातली तेवढी एकच गोष्ट दुखण्याची नव्हती. वहिनी निघताना जरा ताठ चालायच्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढं तरी माझ्या हातून जातंय त्यांना."

गळ्याची नळी बदलायला चिमी त्याला हॉस्पिटलात न्यायची. एकदा परत आल्यावर ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि उभीच राहिली.

"काका, बाबांना वास येत नाही."

"म्हणजे?"

"नर्सने सांगितलं. श्वास गळ्यातून जातो त्यांचा. हवा नाकातून जातच नाही, तर वास कसा येणार? ऑपरेशन झाल्यापासून काहीच येत नाही."

"मग तो मान..."

"आईसाठी."

  चिमी म्हणाली, "आईला सांगायचं नाही. ती तेवढ्यावरच उभी आहे." मी हो म्हटलं. अळीमिळी गुपचिळी, त्यात आमचा हातखंडा आहे. रोज सकाळी वर लवंग फोडली जायची आणि खाली मी तराजूच्या काट्याकडे पाहत बसायचो.

रोग परत आला. या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं की आता कापण्यासारखं काही राहिलं नाही. दादा वाळत गेला. गळ्याच्या एका बाजूला सूज आली, रक्त झिरपू लागलं. दांडीवरचे ठोके हलके झाले, मग ऐकायला जवळ बसावं लागू लागलं. लवंगेचा नेम मात्र चुकला नाही. मान हलवायची ताकद गेल्यावर तो डोळे मिटून उघडायचा. एका दुपारी तो गेला. वहिनी जवळ होत्या. त्या म्हणतात, त्याने काही वाजवलं नाही.

त्याला पोचवून आल्यावर काही दिवस वहिनी घरात बसल्या. बाजारातले लोक येऊन गेले. प्रत्येकाने दादाच्या आवाजाची एकेक गोष्ट सांगितली आणि प्रत्येक गोष्ट आम्हाला ठाऊक होती. मुकादमीण आली. जाताना म्हणाली, "तुझी परात कोणाला दिली नाही मी." त्या संध्याकाळी वर वहिनी आणि मी दोघंच होतो. चिमी खाली पाणी भरत होती. वहिनींना काहीतरी बरं वाटेल असं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होतो. ते मला कधी सापडत नाहीत. शेवटी म्हटलं, "वहिनी, रोजचा लवंगेचा वास तरी तुम्ही त्याला शेवटपर्यंत दिलात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, त्यांना वास येत नव्हता."

 मला वाटलं, चिमीने सांगितलं असणार.

"मला कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यातच मला शंका आली. त्यांचं नाक हलायचं नाही. छाती हलायची. जन्मभर दुसरं काय केलंय मी, पारखायचंच काम केलंय. एका सकाळी वखारीतून आणलेली मेलेली लवंग धरली. मुद्दाम. नखाला ओल नाही, वास नाही, काही नाही. नुसती काडी. आणि त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला आणि मान डोलावली. रोजच्यासारखीच."

"मग तुम्ही..."

"मग काय करणार होते? थांबले असते तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय. त्यांना बोलता येत नव्हतं, भाऊजी. ते माझ्याशी एवढंच एक बोलत होते, आणि तेही खोटं. मी पण रोज खोटंच बोलत होते." त्या आपल्या अंगठ्याकडे पाहत होत्या. "दुसऱ्या दिवसापासून चांगली लवंग धरली पुन्हा. ती तरी खोटी नको."

खाली बादली ठेवल्याचा आवाज झाला. चिमी जिना चढू लागली. वहिनी घाईने म्हणाल्या, "तिला सांगू नका. तिला वाटतंय, मला माहीत नाही."

चिमी आत आली आणि तिने आम्हा दोघांना चहा विचारला.

वहिनी आता पुन्हा वखारीत जातात. दुसरं काय येतं त्यांना? सकाळी फडकं बांधून निघतात, संध्याकाळी परत येतात, आणि जिन्यातून वर जाताना लवंगेचा वास माझ्या दारापर्यंत येतो. साबणाने तो जात नाही. पूर्वी त्या वासावरून मला कळायचं की आता वर दादाचा भोंगा सुरू होणार. आता वास येतो आणि मग दार लावल्याचा आवाज येतो. मुकादमीण म्हणाली, हल्ली चांगली लवंगसुद्धा वहिनी मेलेल्यांत टाकतात. नख दाबतात, ओल दिसते, तरी पुन्हा दाबतात, पुन्हा वाटीतल्या पाण्यात टाकून पाहतात. लवंग उभी राहते. तरी त्यांचा विश्वास बसत नाही. ती म्हणाली, "असंच चाललं तर मालक ठेवणार नाही हो. मी तरी किती झाकून घेऊ?" तिने तो शब्द सहज वापरला.

ग्रंथपालबाईंनी सांगितलं होतं की लेखाच्या शेवटी औषध कसं घ्यायचं ते लिहावं, वाचणाऱ्याला उपयोग होतो. लवंग तोंडात किती वेळ धरावी, हे मी काल वहिनींना विचारलं. त्या भांडी पुसत होत्या. वळल्या नाहीत.

"लिहा, दुखायचं थांबेल इतका वेळ धरू नका."

मी ते कागदावर उतरवून घेत होतो. तेवढ्यात दार वाजलं. पलीकडच्या इमारतीतला कोणी माणूस होता, गालाला रुमाल बांधलेला. चिमीने त्याला सांगितलं, दातवाल्याकडे जा. तो बरं म्हणाला आणि जिना उतरून दुकानाकडे वळला. वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि पुढचं भांडं हातात घेतलं.

"राहू द्या, नका लिहू," त्या म्हणाल्या. "दुखायचं थांबल्यावर कोण ऐकतंय."